तलावाच्या पाळीवरची रेंज

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फळ्याखाली खडूची भुकटी साठते, तसे ते साठतात. आरमोरीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत माझ्याकडे साठले ते एका विषयामुळे: वयात येणं.

हा विषय मला मिळाला, कारण हातातला लग्नाचा हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. हेडसर म्हणाले, "बिनलग्नाच्या बाईनं हे सांगाचं नाई. जुन्या बाया लाजतेत. तुमचं ताजं हाये."

नवरा तिकडे माजरीच्या कोळसा खाणीत, मी इथे सासूबाईंजवळ. आमचं बोलणं अजून "जेवले का?"च्या पुढे गेलं नव्हतं. हे सरांना कोण सांगणार?

*

पहिल्या तासाला मुलांना मैदानावर पाठवलं. ती लगेच खिडकीला लटकली. त्यांना हाकलायला हेडसर स्वतः छडी घेऊन खिडकीबाहेर उभे राहिले. मी पाळी कशी येते, मूल कसं होतं, हे मुलींना हळू आवाजात सांगत होते.

थोड्या वेळानं खिडकीतून हेडसर म्हणाले, "बाई, जरा जोरानं. इथी आयकू येत नाई."

*

कोणी हात धरला, फोटो मागितला, तर काय म्हणायचं? मी मुलींकडून म्हणवून घेतलं. सगळ्या एका दमात ओरडल्या, "नाई!"

शेजारच्या वर्गात गणिताच्या सरांनी नेमकं तेव्हाच विचारलं होतं, "समजलं का?" त्यांनी धडा पहिल्यापासून सुरू केला.

*

मोबाइल तेव्हा नवे होते आणि रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. दहावीतली सुवर्णा बापाचा फोन घेऊन तिथं जायची. राँग नंबरवरून नागपूरच्या एका इंजिनिअरशी ओळख झाली होती. मी वर्गात म्हटलं, फोनवरचा माणूस सांगतो तोच असेल असं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. "बाई, काल पाळीवर म्हैस ओरडली. फोनातबी तीच ओरडली."

"मग?"

"वळून पाह्यलं, तं इंजिनिअर त्या टोकाले बसून. बाजूच्या गावचा, अकरावीतला."

"काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, पहिले नागपूरले जा, मंग फोन कर."

*

फोनसाठी मलाही पाळीवरच जावं लागे. खाली पाण्यात, लहानशा डोंग्यातून मोतीरामभाऊ जाळं टाकत. गावातली सगळी प्रेमं त्यांना पाठ होती.

दिवाळीपासून नवरा घरी आला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तो येत नाई, तू बोलावत नाई. असा का संसार होते?" तो असाच दूर राहून जाईल, ही भीती मलाही होतीच. मी फोन लावला.

"जेवले का?"

"जेवलो. तू?"

"जेवली."

डोंग्यातून मोतीरामभाऊ म्हणाले, "बाई, तुमी शिकवलेल्या पोरी याच्याहून बऱ्या बोलतेत."

मी पाण्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "अहो, या इतवारी या. मले करमत नाई."

रेंज गेली की माणूस गेला, कळेना. डोंगाही जागीच थांबलेला. मोतीरामभाऊंनी जाळं हातातच धरून विचारलं, "काय म्हणते तो?"

तेवढ्यात फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, "मोतीरामभाऊले सांग, शनवारीच येतो."