दुकानाचा ईमेल

तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील, तर मी तुम्हाला मोठ्या आवाजात बोलणारा माणूस म्हणून माहीत असेन. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उद्गारचिन्ह ठोकणारा. आज तसं लिहिता येत नाहीये. एक गोष्ट चार वर्षं माझ्याजवळ आहे आणि ती मी कुठल्याच कागदावर उतरू दिलेली नाही. वडलांना, अण्णांना, सांगितली नाही. ज्यांच्यासोबत पत्रकांचे गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडलो त्या मित्रांना नाही. आणि जिला सांगायला हवी होती तिला — तिला तर नाहीच.

कुठून सुरुवात करू? दुकानापासून करतो. ते सोपं आहे.

सेनगावात माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. लोक कागदांची पिशवी काउंटरवर उपडी करतात आणि म्हणतात, ‘भरा, दादा.’ फॉर्म भरता भरता ईमेलची चौकट येते. तिथं बहुतेकांकडे लिहायला काही नसतं. मग आम्ही फॉर्मवाले दुकानाचाच ईमेल टाकून देतो. माणसाचा मोबाइल नंबर बदलतो, रिचार्ज संपतं, फोन विहिरीत पडतो. दुकानाचा ईमेल जागेवर असतो. आसपासच्या कितीतरी गावांतल्या पोरापोरींची प्रवेशपत्रं, निकाल, मुलाखतीचे निरोप माझ्याकडे येतात. मी फोन लावतो. नाही लागला तर त्या गावच्या जीपवाल्याजवळ चिठ्ठी देतो. हे असं करीन, असं मी कुणाला लिहून दिलेलं नाही. कुणी मागितलंही नाही.

शीतलचा फॉर्म असाच भरला होता. तिचे वडील मारोतीकाका मेंढरांवाले. वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन रानोरान. बारावीनंतर पोरीला हॉटेल मॅनेजमेंटला घालायचं म्हणून ते तिला घेऊन आले. भावकीनं त्यांना खुळ्यात काढलं होतं. ‘मेंढरं राखायचं सोडून हॉटेलात कपबशा धुवायला पाठवून राहिला,’ असं तोंडावर म्हणाले लोक. काका मला म्हणाले, “लेकरू म्हणतंय तर जाऊ द्या. तुमी फकस्त फॉर्म बराबर भरा.” मी बराबर भरला. ईमेल — दुकानाचा.

आता माझ्याबद्दल थोडं. अण्णा हिंगोलीला एसटीच्या आगारात होते. युनियनची पत्रकं घरी यायची, उरलेली माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागायची. अक्षरं मी पाठ्यपुस्तकात कमी आणि त्या कव्हरांवर जास्त शिकलो. ‘बंधूंनो’ हा मी सलग वाचलेला पहिला शब्द. कुणापुढं वाकायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते वहीवरच छापलेलं होतं.

त्यामुळं शीतलच्या शिक्षणाबद्दल माझं मत फॉर्म भरतानाच ठरलेलं होतं. पैसेवाल्यांपुढं वाकायला शिकवणारी पदवी. मी तिला ते ऐकवायचोही. ती सुट्टीत आली की काउंटरला टेकून मला शिकवायची — माझं मत बदलायला नव्हे, तिला सांगायला आवडायचं म्हणून. चार खाती असतात, दादा: भटारखाना, वाढप, खोल्या, पुढचं काउंटर. प्रत्येकाला पायऱ्या असतात. शिकाऊ म्हणून लागायचं आणि वर चढत जायचं. आणि हॉटेलातच जावं असंही नाही. मोठ्या दवाखान्यांची स्वयंपाकघरं आहेत, कंपन्यांची कँटीनं आहेत, रेल्वे आहे, जहाजं आहेत. एकदा तिनं माझ्या टेबलावरचं प्लास्टिक काढून पुन्हा घातलं, कोपरे असे दुमडले की एक सुरकुती राहिली नाही. “खोलीतली चादर अशी बसवतेत. बघा.”

मी म्हणालो, “आणि साहेब त्यावर लोळणार. तू बाहेर हात बांधून उभी.”

“दादा, तुमच्या घरी पाव्हणा आला तर पाणी देता का न्हाई? मंग तो काय तुमचा मालक झाला?” आणि मग दुकानात बसलेल्या चार माणसांकडं बघत, “पण तुमचं काय सांगावं? तुमी पाव्हण्याला आधी पत्रक वाचून दाखवत असाल, मंग पाणी.”

सगळे हसले. मीही हसलो. ते मला लागलं होतं का? थोडं लागलं असेल. पण मी जे केलं त्याचं कारण ते नाही. मी चार वर्षं ते कारण आहे असं स्वतःला सांगून पाहिलं — पोरीनं चेष्टा केली, माझा तोल गेला. रागाच्या भरात केलेलं पाप जरा हलकं वाटतं ना? पण मी रागात नव्हतो. मी अगदी शांत होतो.

तिची पदवी झाली. कॉलेजात पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलातली माणसं मुलाखती घेऊन गेली, ‘कळवतो’ म्हणाली. ती घरी आली. दोन महिने गेले, तीन गेले. काही कळलं नाही आणि ती वडलांसोबत कळपामागं जाऊ लागली. त्याच दिवसांत मी एक पत्रक लिहीत होतो. आठ पानी. नाव ‘वाकणारी पदवी’. परदेशच्या नोकऱ्यांची स्वप्नं दाखवून फी घेणारी कॉलेजं, शिकाऊ म्हणून महिनोन् महिने बटाटे सोलायला लावणारी हॉटेलं — त्यातलं बरंच खरं होतं आणि आजही आहे. पण नुसत्या मुद्द्यांनी पत्रक पेटत नाही. माणूस लागतो. तिसऱ्या पानावर मी माणूस घातला. नाव नाही दिलं. ‘आपल्याच तालुक्यातल्या एका मेंढपाळाची लेक तीन वर्षं शिकून, पदवी घेऊन, आज पुन्हा बापाच्या मेंढरांमागं उभी आहे!’ उद्गारचिन्ह.

ते वाक्य चांगलं उतरलं होतं. मी ते चारदा वाचलं होतं.

हिंगोलीहून गठ्ठे छापून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, इनबॉक्स उघडला, आणि वरच मेल होता. शीतलच्या नावाचा, पुण्याच्या त्या हॉटेलचा; कॉलेजच्या नोंदीत अजून दुकानाचाच ईमेल होता. निवड झाली होती. भटारखान्यात शिकाऊ, बेकरीच्या खात्यात. राहायची सोय. वर्षभरानं कायम. उमेदवाराचा फोन लागत नाही, तरी सात दिवसांत होकार कळवावा, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल.

मी रजिस्टर काढलं. मारोतीकाकांचा नंबर सापडला. बोट त्या नंबरावर ठेवलं. शेजारी गठ्ठे होते, शाईचा वास येत होता.

आणि मी फोन केला नाही.

संध्याकाळी करू म्हणालो. संध्याकाळी उद्या म्हणालो. तोंडानं ‘उद्या’ म्हणत होतो, पण मला माहीत होतं. ती गेली असती तर तिसरं पान खोटं ठरलं असतं. लोक म्हणाले असते, अरे, तुझी ती मेंढपाळाची लेक तर पुण्याला लागली की! माझ्या पत्रकाला ती घरी बसलेली हवी होती. मी इतकी वर्षं म्हणत आलो की माणसाचा वापर करू नये. आणि मी काय करत होतो?

चौथ्या दिवशी डोंगरकडा गावात आमची सभा होती. मी बोललो. तिसऱ्या पानापाशी आलो तेव्हा थांबून, आवाज खाली आणून ते वाक्य म्हटलं. एक म्हातारा पुढं बसला होता, त्यानं डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मेल इनबॉक्समध्ये होता. मुदतीचे तीन दिवस शिल्लक होते. तेव्हासुद्धा खिशातून फोन काढून लावता आला असता.

पाचव्या दिवशी बाजार होता. शीतल आली. चप्पल मातीनं भरलेली, हातात पिशवी. फोनचं रिचार्ज संपलं होतं म्हणाली, आज मारून घेते. मग काउंटरला टेकली, नेहमीसारखी.

“आला का, दादा?”

मी स्क्रीनकडं बघितलं. म्हणजे बघितल्यासारखं केलं. माउस हलवला. मेल उघडाच होता, फक्त स्क्रीन माझ्या बाजूला होती.

“न्हाई.”

एवढंच. हाच तो शब्द. बाकी सगळा वेळ मी याच्याभोवती फिरत होतो.

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाली, “माझं इंग्रजी कच्चं हाय नं. मुलाखतीत अडखळले व्हते.” आणि मला बरं वाटावं म्हणून — मला! — जाता जाता वळून म्हणाली, “तुमी काहून तोंड पाडून राहिले? आपली मेंढरं हायेत की. त्यांला इंग्रजी लागत न्हाई.”

दोन दिवसांनी मुदत संपली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगतो. आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

तिच्याच वर्गातली एक मैत्रीण त्याच यादीत होती. ती पुण्याला गेली, पायऱ्या चढली, आता जहाजावर केक-पेस्ट्रीच्या खात्यात असते. हे मला शीतलनंच सांगितलं, फोटो दाखवून, कौतुकानं. शीतल पुढं वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागली. नावाला काउंटर, पण भटारखाना, भाजीबाजार, वेटरांच्या पाळ्या, सगळं तीच बघते. पगार एका माणसाचा. मी नांदेडला जाताना तिथं उतरतो. न उतरता पुढं जावं असं दर वेळी वाटतं आणि दर वेळी उतरतो. तिनं तिथल्या टेबलांवर कागदी रुमालांची फुलं करून ठेवायला सुरुवात केली होती. ट्रकवाले विचारायचे, “ताई, हे पुसायचं का खायचं?” ती म्हणायची, “आधी बघायचं.” मालकानं नंतर ते बंद केलं, कागद वाया जातो म्हणाला.

ती माझ्याकडून चहाचे पैसे घेत नाही. गेल्या वर्षी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “तुमचं ते पत्रक बराबर व्हतं, दादा. मीच उगं तुमच्यासंगं भांडत व्हते.”

माझ्या पत्रकांना आजवर अनेकांनी चांगलं म्हटलंय. त्यातलं एकही वाक्य मला आठवत नाही. हे आठवतं.

गेल्या आठवड्यात ती दुकानात आली. सोबत धाकटी बहीण, कोमल. बारावी झालीय. शीतल म्हणाली, “हिचा बी.ए.चा फॉर्म भरा.” कोमल भिंतीकडं बघत होती. मी विचारलं, तुला काय करायचं होतं? कोमलनं ताईकडं पाहिलं. शीतलच बोलली, “तिला बी माझ्याच लाइनीत जायाचं व्हतं. म्या न्हाई म्हणलं. तुमचं पत्रक वाचायला देलं तिला. तिसरं पान दाखवलं. म्हणलं, ही मी हाय.”

तिला माहीत होतं तर. पहिल्यापासून माहीत होतं की ती मुलगी कोण. आणि तिला त्याचा राग नव्हता.

मी फॉर्म भरत गेलो. नाव, आईचं नाव, जात, टक्के. ईमेलची चौकट आली. माझी बोटं थांबली. कोमलच्या हातात स्वतःचा फोन होता. दोन मिनिटांत तिचा स्वतःचा ईमेल निघाला असता. मी तसं म्हणणार होतो.

“तुमचाच टाका, दादा,” शीतल म्हणाली. “आपल्याला सवय हाय.”

आणि मी टाकला.

त्या दोघी जीपकडं गेल्या आणि मी तसाच बसून राहिलो. मग इनबॉक्समध्ये चार वर्षं मागं गेलो. मेल तिथंच आहे. मी तो पुसला नव्हता. का नाही पुसला? मला माहीत नाही, आणि त्यातून माझ्या बाजूचं काही निघतं असं मी म्हणणार नाही.

पत्रकाच्या शेवटी आम्ही मागण्या लिहितो. हे पत्रक नाही. याच्या शेवटी मागणी नाही. कोमलच्या फॉर्मची मुदत अजून गेलेली नाही आणि हॉटेल मॅनेजमेंटचे प्रवेशही उघडे आहेत, म्हणून हे आज लिहून संपवतोय. छापायला देण्याआधी उद्या सकाळच्या गाडीनं वारंग्याला जाईन आणि ही पानं तिच्या काउंटरवर ठेवीन, वर त्या मेलची प्रत, तारखेसकट. चहा घेणार नाही. ती पहिलं वाक्य वाचेल की शेवटचं, सांगता येत नाही. म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी ठेवतो, शोधावं लागू नये.

त्या बाजाराच्या दिवशी तू विचारलं होतंस, शीतल — आला का, दादा?

आला होता.