शिंप्याकडचा पोपट

कोडेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता मोजकीच उरली होती. दिवसभर त्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसत आणि उरलेल्या वेळात साप्ताहिकाच्या शेवटच्या पानासाठी कोडी रचत. एक शब्दकोडं, एक आकड्यांचं आणि एक तर्काचं. तर्काच्या कोड्यात चारपाच शेजारी एका ओळीत राहत. कोणाकडे मांजर आहे, कोणाला चहा चालत नाही, हे वाचकाने शोधून काढायचं. कागदावरचे शेजारी गुण्यागोविंदाने नांदत, वाचक मात्र डोकं धरून बसत. बाई मनाने चांगल्या, पण लोकांना अडकवण्यात त्यांना भारी मजा वाटायची, खोटं कशाला बोला.

कोडं रचणाऱ्याची एक पंचाईत असते. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे स्वतःचं कोडं त्याला सोडवता येत नाही. त्याला दुसरं डोकं लागतं. कोडेबाईंचं दुसरं डोकं म्हणजे त्यांची थोरली बहीण. दर आठवड्याला ताई यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिल चावत कोडी सोडवायची आणि कुठे अडलं, कुठे फारच सोपं झालं, ते तोंडावर सांगायची. छापून येण्याआधी कोडी पाहणारी ती एकटीच. ताईवर आपण विश्वास ठेवतो, असं कोडेबाईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपल्याच हातावर कोणी विश्वास ठेवतं का?

अलीकडे नजर साथ देईना. चौकटीतले बारीक आकडे एकमेकांत मिसळायला लागले, तेव्हा त्यांनी पान सोडायचं ठरवलं. पण ते वशिल्याने कोणाच्या गळ्यात घालायचं नाही, हेही ठरवलं. संपादकांच्या मागे लागून त्यांनी स्पर्धा ठेवायला लावली. वाचनालयाच्या सभागृहात सगळ्यांनी एकत्र बसून बारा कोडी सोडवायची आणि जो पहिला येईल, पान त्याचं. ताईचा मुलगाही बसणार होता. विमा कचेरीत नोकरीला लागून वर्षं झाली होती, तरी मावशीचं पान उलटल्याशिवाय त्याचा आठवडा सुरू होत नसे. पान त्याच्याकडेच जावं, असं कोडेबाईंना आतून फार वाटत होतं. म्हणूनच त्यांनी त्याबद्दल कोणापाशी चकार शब्द काढला नाही.

जिचा मुलगा स्पर्धेत, तिच्याकडूनच कोडी तपासून घ्यायची का, असं संपादकांनी भीतभीत विचारलं होतं. त्यावर कोडेबाई अशा काही तडकल्या, की बिचाऱ्यांनी विषयच सोडून दिला. ताईने बाराही कोडी सोडवली, पाठ थोपटली आणि घरी गेली.

छापखान्यात शेवटचं मुद्रित उभ्याउभ्या वाचताना कोडेबाई बाराव्या कोड्यावर अडल्या. शेवटचं कोडं होतं, पोपट कोणाकडे आहे? उत्तर शिंपी. पण सगळ्या अटी पाळूनही तोच पोपट घड्याळजीकडे नेता येत होता. ताईला एक उत्तर सापडलं आणि दुसरं शोधायच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. दोन उत्तरांचं कोडं म्हणजे भर सभेत नाचक्की. कोडेबाईंनी तिथल्या तिथे एक अट वाढवली, शिंप्याला पाखरांचा आवाज सहन होत नाही. आता पोपट घड्याळजीकडेच राहणार होता. शिंप्याचाच पत्ता का कापला, याला काही तर्क नव्हता. कोपऱ्यावरच्या शिंप्याने त्यांचा कोट दोनदा बिघडवला होता, एवढंच. ताईला त्यांनी हा बदल कळवला नाही. आपल्या नजरेतून चूक निसटली, हे तिच्या उगाच मनाला लागलं असतं.

स्पर्धेत भाचा सगळ्यांच्या आधी उठला. संपादक आणि कोडेबाई मागच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासायला बसले. भाच्याची अकरा कोडी बरोबर होती. त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. बारावं चुकलं होतं. तिथे लिहिलं होतं, शिंपी.

आधी कोडेबाईंना हसू आलं. मग ते ओठांवरच विरलं. हातातल्या छापील कागदावरून कितीही चुकलं तरी शिंपी निघण्यासारखा नव्हता. इतरांनी चुकून लोहार लिहिला होता, कुणी जागा कोरी सोडली होती. शिंप्याकडचा पोपट जुन्या कोड्यात होता आणि जुनं कोडं एकाच माणसाने सोडवलं होतं. शेजारी संपादक अभिनंदन करत होते, पान घरातच राहिलं म्हणत होते. कोडेबाईंना वाटलं, आपल्याला आता इथेच रडू येणार.

त्यांनी भाच्याला आत बोलावलं, संपादकांना बाहेर पाठवलं आणि बारावं कोडं पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, कपाळाला आठी घातली, मागच्या बाजूला चार रेघा ओढल्या आणि थोड्या वेळाने म्हणाला, घड्याळजी. म्हणजे त्याला येत होतं. कोणाच्या मदतीशिवाय तो पहिला आला असता. हे कळलं, तेव्हा कोडेबाईंना जास्तच लागलं.

"मग शिंपी कुठून आणलास?" त्यांनी विचारलं.

भाचा ओशाळला, पण स्वतःसाठी नाही. मावशीसाठी ओशाळावं तसा. "मावशी, आता माझी परीक्षा कशाला घेतेस? उत्तरं तूच पाठवलीस ना? आई म्हणाली, मावशीची फार इच्छा आहे, पण तिला स्वतःहून सांगता येत नाही. मला नको होती गं. पण तुझं मन कसं मोडणार?"

उत्तरं फोडली, ते एक वेळ पोटात घातलं असतं. पण ताईने त्यांचंच नाव वापरून त्यांचा केसाने गळा कापला होता.

ताई सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. कोडेबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. मुलगा कचेरीत कुजतोय, असं म्हणाली. त्याच्यावर भरवसा ठेवून बसायची आपल्यात हिंमत नव्हती, असंही म्हणाली.

"माझं नाव का घेतलंस?"

"नाहीतर त्याने कागदाला हात लावला नसता. तुझ्यावरच गेलाय तो." ताईने त्यांचा हात घट्ट धरला. "पान नको देऊस हवं तर. पण त्याला खरं सांगू नकोस. मी त्याच्या मनातून उतरेन."

"आणि मी?"

"तू मावशी आहेस. मावशीला माफ करतात."

कोडेबाईंनी हात सोडवून घेतला. निकाल त्यांनीच जाहीर केला. पान दुसऱ्या आलेल्या, पोस्टात काम करणाऱ्या बाईंना मिळालं. भाचा का बाद झाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि संपादकांनी विचारलं नाही. टाळ्या वाजल्या. लोक खुर्च्या सरकवत पांगले.

भाचा आणि ताई निरोप घ्यायला आले. कोडेबाई ताईकडे बघत राहिल्या. एक शब्द तिने बोलावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ताई पर्सचा पट्टा नीट करत होती.

मग कोडेबाईच भाच्याला म्हणाल्या, "मी काही पाठवलं नव्हतं रे."

भाच्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आता कशाला तो विषय? चल, उशीर होतोय."

त्याने मान हलवली. मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने, आवाज खाली आणून म्हणाला, "असू दे मावशी. मी कोणाला सांगणार नाही."