एक वाजताचा आवाज

नोकरीत खुनी, दरोडेखोर पुष्कळ पाहिले. त्यांचे चेहरे आता पुसट झालेत. राजाजीनगरच्या त्या बाईंचं प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे.

बाई सत्तरीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. कन्नड मुलखातल्या आमच्या पोलीस ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून हवालदारानं त्यांना माझ्या टेबलाकडे पिटाळलं.

"अण्णा, रोज दुपारी एकाला देवघराजवळ कुणी बाई बोलते. 'जेवलात का? भाकरी झाकून ठेवलीय' म्हणते. पोरगा म्हणतो, आई, तुला भ्रम झालाय. रविवारी येऊन वृद्धाश्रमात ठेवणार मला. मी वेडी नाही, एवढं स्वल्प, दोन ओळी, लिहून द्या."

हवालदार तोंड फिरवून हसला. मी त्याला दरडावलं, पण मनातून मीही हसलो होतो. तरी स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता त्यांच्या घरी जाऊन बसलो. आधी बाईंचा फोन बंद केला.

एकाला देवघराशेजारच्या फळीवर 'टुंग' वाजलं आणि खरंच एक बाई बोलली. मी उठून जवळ गेलो. फळीवर मुलानं भजनांसाठी पाठवलेला ब्लूटूथ स्पीकर होता. बाईंचा फोन बंद, म्हणजे आवाज दुसऱ्याच फोनचा. आणि ब्लूटूथ काही गल्ली ओलांडत नाही. वरच्या मजल्यावर एकच भाडेकरू होते, एकटे निवृत्त गृहस्थ.

मी वर जाऊन कन्नडमध्ये दरडावूनच सुरुवात केली. त्यांनी निमूट फोन दिला. त्यातल्या एका ॲपला जवळपासच्या उपकरणांशी जोडून घ्यायची परवानगी दिलेली होती. नवा स्पीकर आणला तेव्हा यादीत सारखीच दोन नावं दिसली, त्यांनी पहिलं दाबलं. ते खालच्या बाईंच्या स्पीकरचं होतं.

"आवाज कुणाचा?" मी विचारलं. त्यांच्या तोंडून एकदम मराठी आलं.

"बायकोचा, साहेब. गेली ती. फोनवर हा एवढाच निरोप राहिलाय. जेवायच्या आधी लावतो. नवा स्पीकर आणल्यापासून ऐकूच येईना. वाटलं, तोही पुसला गेला."

तीन वर्षं हे दोघं जिन्यात एकमेकांना कन्नडमध्ये 'ऊटा आयता?', म्हणजे जेवण झालं का, असं विचारत आणि उत्तराला न थांबता पुढे जात. दुसऱ्याच्याही घरात मराठीच आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

ॲपची परवानगी काढली, खालच्या स्पीकरचं नाव पुसलं, त्यांचा स्पीकर जोडून दिला. आवाज आला तसे ते भिंतीकडे तोंड करून बसले. जबाब घ्यायचं मला सुचलं नाही. बाईंना सगळं समजावलं, त्यांच्या मुलालाही मीच फोन करून सांगितलं. वृद्धाश्रम टळला.

आठवड्यानं बाई पुन्हा आल्या. "अण्णा, आता एकाला घर अगदी गप्प असतं. ती परवानगी परत देता येत नाही?"

"ती फोनवाल्यानं द्यायची असते, अक्का. वर जाऊन मागा."

"इतकी वर्षं कन्नडात बोललो. आता मराठीत काय बोलू?" म्हणाल्या आणि गेल्या. वर गेल्या की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आवाज ऐकू येतो म्हणणाऱ्याला वेडा ठरवण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून ऐकावं, हे मी त्या घरात शिकलो. आता मीही एकटाच आहे. माझ्या फोनवर जोडणीच्या सगळ्या परवानग्या बंद ठेवल्यात; लोकांनाही तेच सांगतो. एकाला ताट वाढून घेतो. चुकूनसुद्धा कुणाचा आवाज येत नाही.