चार्जिंगचं इंग्रजी

दिल्लीत करोल बागेतल्या खोलीत आम्ही तीन जण राहायचो आणि प्लग चालायचा एकच. तिघंही महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेले. मुलाखतीत इंग्रजी अडेल या धास्तीने बीडच्या मित्राने नियम काढला: खोलीत फक्त इंग्रजी. जो मराठीत बोलेल त्याचा फोन चार्जिंगवरून उतरेल आणि पुढच्याचा लागेल. चंद्रपूरचा तिसरा त्या दिवसापासून मुकाच झाला आणि त्याचा फोन कायम फुल असायचा.

राज्यपालांच्या अधिकारांवर आम्ही इंग्रजीत तासभर वाद घालू शकत होतो. पण ‘पिन सैल झालीय, जरा धर’ म्हणायचं तर तोंड उघडेना. मग बीडकर व्हिडिओ बघून वाक्यं पाठ करायचा आणि आमच्याकडून घोटून घ्यायचा. “आय ॲम रनिंग लो.” “कुड आय बॉरो युअर चार्जर?” मी ‘माय मोबाइल इज डिस्चार्ज’ म्हटलं की तो असा चेहरा करायचा, जणू मी त्याच्या ताटात थुंकलो. मला त्याचा भयंकर राग यायचा. स्वतः झोपेत अस्सल मराठीत शिव्या द्यायचा, पण तेव्हा त्याचा फोन कोण काढणार?

माझ्या फोनची बॅटरी इतकी गेली होती की प्लगमधून काढला की तो बंदच पडायचा. त्यात सांगलीला माझी बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बीपी वाढलंय, एवढंच आईने सकाळी सांगितलं होतं. दुपार झाली तरी पुढचा फोन नाही. मी प्लगपाशी चिकटून बसलो होतो. या दोघांना यातलं काही माहीत नव्हतं. बहिणीची काळजी इंग्रजीत कशी सांगायची, ते मला येत नव्हतं.

शेवटी आईचा फोन आला. मराठी बोललो तर हा बीडकर फोन काढणार आणि तो बंद पडणार, या भीतीने मी म्हणालो, “येस, प्लीज टेल मी. इज शी ऑल राइट?”

इंग्रजी बोलताना माझा आवाज नाकातून निघतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

“साहेब,” आई म्हणाली, “माझ्या मुलाला द्या की जरा फोन.”

“इट्स मी! इट्स मी!”

“कामात असंल तर ऱ्हाऊ दे. सावकाश कर म्हणावं.” आणि तिने फोन ठेवला.

बीडकर म्हणाला, “व्हेरी नॅचरल, यार.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. “मसणात घाल तुझं इंग्रजी,” मी ओरडलो. “तिकडे माझी बहीण दवाखान्यात आहे, जगली का मेली कळायला मार्ग नाही.”

त्याचा हात प्लगकडे गेला. मी त्याला हाणणारच होतो. पण त्याने ती सैल पिन अंगठ्याने गच्च दाबून धरली आणि म्हणाला, “आधी सांगायचं ना रे. लाव फोन.”

चंद्रपूरवालाही उठून बसला. आईने लगेच उचलला. “मुलगी झाली,” ती म्हणाली. “दोघी बऱ्या हायत. बीपी पण उतरलं.”

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान डोलावली, तेव्हा बीडकरने दुसऱ्या हाताने कपाळावरचा घाम पुसला.

“मघाशी तुझा फोन एका साहेबानं घेतला,” आई सांगत होती. “लेकीचंच विचारत हुता वाटतं. मी काय सांगितलं न्हाई. घरातलं परक्या माणसाला कशाला सांगायचं?”

“बरं केलंस,” मी म्हणालो.