वशिल्याची गोळी

"नाणं उडवलं होतंस का?"

कुणी काहीही ठामपणे सांगितलं की ताई हा प्रश्न विचारायच्या. मान थोडी तिरपी, चष्मा कपाळावर, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्याचं ऐकून घ्यायची त्यांची मनापासून तयारी आहे, फक्त विश्वास ठेवायची नाही.

ड्रेस्डेनला आम्ही नवीन होतो तेव्हा तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी त्यांची ओळख झाली. आमच्याच वरच्या मजल्यावर राहायच्या. औषधांच्या चाचण्या आखणं हे त्यांचं काम. कुठल्या रोग्याला नवं औषध द्यायचं आणि कुणाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषधच नसलेली पोकळ गोळी, हे ना डॉक्टरनं ठरवायचं, ना रोग्यानं. ते चिठ्ठ्या टाकूनच ठरलं पाहिजे, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा.

एकदा मी त्यांना म्हणालो, "ताई, उद्यापासून मी सायकलनं जाणार. आमच्या ऑफिसात सायकलवाले कधी आजारीच पडत नाहीत."

"आजारी माणूस सायकलवर बसतो का रे?"

मी सायकलच्या दुकानाची जाहिरात घडी करून खिशात घातली.

"तू नुसतं बघितलंस. बघायला हरकत नाही, पण मुळात धडधाकट असतात तेच सायकल घेतात, आणि श्रेय मिळतं सायकलला! अर्ध्या ऑफिसला नाणं उडवून सायकली वाट, मग बोलू."

मी ट्रामनंच जात राहिलो.

माझी बायको मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. जर्मनीतल्या थंडीत दही लागायचं असेल तर दुधात हिरव्या मिरचीचा देठ टाकलाच पाहिजे, हे तिचं ठाम मत. "गेली तीन वर्षं टाकतेय. एकदाही बिघडलं नाही."

"आणि देठ न टाकता किती वेळा लावलंस?"

"कशाला लावू? बिघडलं तर?"

ताईंचे डोळे चमकले. त्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात बारा वाट्या मांडल्या गेल्या. दूध एकच, विरजण एकच. प्रत्येक वाटीपाशी नाणं उडालं, आणि सात वाट्यांच्या वाट्याला देठ आले. मग आम्हा दोघांना बाहेर काढून भावोजींनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, वाट्या झाकल्या, त्यांवर आकडे टाकले आणि हीटरशेजारी ओळीनं ठेवल्या. सकाळी त्यांनीच देठ काढून घेतले आणि आम्ही चमच्या-चमच्यानं परीक्षा घेतली.

बाराच्या बारा वाट्या घट्ट लागल्या होत्या.

"बघा!" बायको म्हणाली. "देठ घातला की लागतंच."

"अगं, बिनदेठाचंही लागलंय!"

"पण देठानं बिघडलं तर नाही ना?"

ताई खुर्चीत बसून हसत राहिल्या. आम्ही चार दिवस कढी खाल्ली. बायको अजूनही देठ टाकते.

पुढच्या वर्षी ताईंच्या हातांची बोटं दुखायला लागली. सकाळी सांधे सुजायचे, लोणच्याची बरणी उघडेना. दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात याच दुखण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू होती. ताईंनी आपणहून नाव दिलं. वर्षभर रोज एक गोळी. खरी की पोकळ, कुणालाच माहीत नाही. फार दुखलं तर नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यायला परवानगी होती.

भावोजी कळवळून म्हणाले, "अगं, त्यांना सांग ना, मी तुमच्याच धंद्यातली आहे. निदान तुला तरी खरी देतील."

"वशिल्यानं गोळी घेऊ? आणि जन्मभर मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यांना काय सांगू?"

भावोजींना राहवेना. त्यांनी गुपचूप एक वही केली आणि मलाही कामाला लावलं. मी जिन्यावर पाळत ठेवायची: ताईंनी भाजीची पिशवी कुठल्या हातात धरली होती? वहीत नोंदी पडू लागल्या. 'मंगळवार. पोळ्या सहा. बरणी स्वतः उघडली.' तिसऱ्या महिन्यात नोंदी अशा बहरल्या की भावोजींनी बेकरीतून केक आणला. "खरीच मिळालीये तिला," ते माझ्या कानात म्हणाले.

आठवड्याभरात वही ताईंच्या हाती लागली. आम्ही दोघं सोफ्यावर अपराध्यासारखे बसलो. त्या रागावल्या नाहीत, लाल पेन घेऊन वही तपासत बसल्या. पोळ्यांपुढे लिहिलं, 'पाहुणे होते.' बरणीपुढे, 'झाकण आधीच सैल.' शेवटच्या पानावर शेरा होता: 'नोंद करणाऱ्याचं पेशंटवर प्रेम आहे. निष्कर्ष ग्राह्य नाही.'

भावोजींनी ती वही अजून जपून ठेवली आहे.

चाचणी संपली, सगळे आकडे हाती यायला आणखी काही महिने गेले, आणि मग पत्र आलं. आम्ही चहाला वरच होतो. भावोजींनी ते घाईघाईनं फोडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ताईंना पोकळ गोळी मिळाली होती.

"वर्षभर! अगं, वर्षभर तू नुसता पिठूळ खडू खाल्लास!"

ताईंनी पत्र ओढून घेतलं. "ते राहू द्या हो. औषधाचं काय झालं?"

दुसऱ्या पानावर ते होतं. खरी गोळी घेणाऱ्यांचं दुखणं पोकळ गोळीवाल्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं होतं, आणि आता पोकळ गोळीवाल्यांनाही हवं असेल तर ते औषध मिळणार होतं.

"लागू पडतंय," ताई म्हणाल्या. "अहो, लागू पडतंय!" त्यांनी ते पान आम्हा सगळ्यांना एकेकदा वाचायला लावलं. मग चष्मा काढला, आणि अगदी हळू म्हणाल्या, "पण दुखत होतं रे. फार दुखत होतं."

बायको उठली आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन बसली.

त्यांनी ते औषध सुरू केलं. फरक पडला का, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. निवृत्तीनंतर दोघं मुलीजवळ राहायला बर्लिनला गेली.

निघाल्या त्या दिवशी मी ट्राम स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. ट्राम आली, भावोजी बॅगांशी झटापट करत चढले. ताईंना खिडकीशी जागा मिळाली, एका जर्मन आजीबाईंच्या शेजारी. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. आजीबाई त्यांना काहीतरी ठासून सांगत होत्या, ताईंची मान तिरपी झाली होती, आणि काचेआड दहाही बोटं हलवत त्या आजीबाईंना काहीतरी समजावू लागल्या होत्या.