बशीतलं पाणी

सासऱ्यांनी आपल्या सुनेचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, राहणं एकाच छताखाली, दिवसातून चार वेळा चहा समोरासमोर. पण आवाज म्हणाल तर नाही. यात दोष तिचाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. कापडगिरणीत मागांच्या खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानांचं जे होतं, ते त्यांच्या कानांचं झालं होतं. दोनशे माग एकदम धडधडायला लागले की तिथे कोणी कोणाचं ऐकत नसे. सगळे ओठ वाचत. सासरे अजूनही ओठच वाचायचे. डाव्या कानात मशीन होतं, पण त्याला दार आपटल्याचं, भांडं पडल्याचं तेवढं कळायचं.

अशा घरात माणसं हळू बोलायचं विसरतात. सासूबाईंची कुजबुजसुद्धा समोरच्या इमारतीत पोचायची. आणि त्या घरात आलेली ही सून मात्र गळ्यातल्या गळ्यात बोलणारी, आणि पोट भरायची ती त्याच आवाजावर. माईकसमोर बसून पुस्तकं वाचायची, म्हणजे लोकांना ती ऐकता यावीत. लग्नासाठी जुनं गाव आणि जुनी नोकरी सोडल्यावर हातात आलेलं हे पहिलं काम, तेही मोठ्या मुश्किलीने. नऊ तासांचं एक पुस्तक होतं आणि तिने पाठवलेला नमुना दोनदा परत आला होता. मागे सतत घरघर आहे, असं कळवलं होतं. सोमवारपर्यंत स्वच्छ नमुना आला नाही, तर पुस्तक दुसरीकडे जाणार होतं.

घरघर तिच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची होती. तिने हे स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगितलं, तेही पुटपुटत. सासरे पार बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"चार दिवस दे," ते म्हणाले.

या घरात चोरून काही बोलायचं तर तोंडावर हात धरून बोलावं लागतं, हे ती त्या दिवशी शिकली.

आता सासऱ्यांच्या हौसेबद्दल सांगायला हवं. निवृत्तीनंतर लोक झाडांना पाणी घालतात. हे कॉम्प्युटरला घालायचे. आळीत त्यांना 'पाणीवाले काका' म्हणत ते त्यामुळेच. कॉम्प्युटरचा मेंदू तापतो. त्याच्यावर तांब्याची चपटी डबी बसवायची, तिच्यातून नळीने पाणी फिरवायचं, ते तापलेलं पाणी गाडीत असतो तशा जाळीदार रेडिएटरमध्ये न्यायचं आणि तिथे संथ पंख्यांनी निववायचं. पाणी फिरवायला एक मुठीएवढा पंप. मागच्या खोलीत त्यांचं हे सगळं मांडलेलं असायचं. आयुष्यभर गोंगाटात उभ्या राहिलेल्या माणसाला आता अगदी मुकी यंत्रं बनवायची होती. स्वतःला ऐकू येत नसताना ती मुकी झाली हे कळायचं कसं, हा प्रश्न आळीतल्या सगळ्या शहाण्यांनी विचारून झाला होता.

उत्तर सुनेने त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. तोवर ती त्या खोलीत केर काढण्यापुरतीच गेली होती. बुधवारी त्यांनी तिला हाक मारली. टेबलावर तिच्यासाठी बांधलेलं यंत्र, म्हणजे काळी पेटी उभी होती, एक बाजू काचेची. आत नळ्या अशा वळवलेल्या की कुठे चूण नाही, मोड नाही. वायरी एकसारख्या विंचरलेल्या, आणि का नसतील? या हातांनी चौतीस वर्षं तुटलेले धागे जोडले होते. पंप जाड लोकरी नमद्याच्या गादीवर बसवलेला. आणि सगळ्यात वर, मानाच्या जागी, पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड, त्यावर तांब्याचं झाकण. ते झाकण त्यांनी स्वतः कानशीने सहा आठवडे घासून केलं होतं, इतकं गुळगुळीत की त्यात आपले दात मोजावेत. खास यंत्रासाठी म्हणून वर्षभर कपाटात जपून ठेवलेलं. ते त्यांनी तिच्या यंत्राला बसवलं होतं.

"बघ हां," ते म्हणाले. त्यांनी यंत्र सुरू केलं, बशीत काठोकाठ पाणी घेतलं आणि ती बशी पेटीच्या डोक्यावर ठेवली. नाक पाण्याला लागेल इतके वाकले. पाण्यात छतावरचा दिवा दिसत होता. तो थरथरत होता, अगदी किंचित. त्यांनी पंख्याचा एक स्क्रू पाव फेरा सैल केला, एका पट्टीखाली रबर सारलं, पुन्हा वाकले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग पाण्यातला दिवा थांबला. यंत्र चालू, पंखे फिरताहेत, पंप पाणी ओढतोय, आणि बशीत एक तरंग नाही.

सुनेच्या अंगावर सरसरून काटा आला. हा माणूस शांतता डोळ्यांनी बघतो आहे, हे तिला त्या क्षणी समजलं.

"आवाज?" त्यांनी विचारलं. चेहरा असा, की जणू पोरगी बोर्डात पहिली आली आहे.

तिने कान दिला.  आवाज होता. बारीक, उंच, डास कानाजवळून जावा तसा. माऊस हलवला की तो चढायचा, थांबवला की उतरायचा. इतका बारीक आवाज पाण्याला कळत नाही. माईकला मात्र नक्की कळला असता.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली.

गुरुवार तिने असाच घालवला. नमुना वाचला, ऐकला, पुसला. खरं सांगावं तर म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणार, न सांगावं तर पुस्तक जाणार.  शुक्रवारी सकाळी सासरे चहाचा कप घेऊन दारात आले.

"पाठवलंस?"

"पाठवते."

"हे बघ, गिरणीत माणसं ओठांनी थापा मारायची. कपाळाला नाही जमायचं ते." त्यांनी आपल्या भुवयांमध्ये बोट टेकवलं. "परवापासून तुला इथे आठी आहे. माऊस हलवलास की जास्त. काय ऐकू येतं?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, आवाज येतो. बारीक आहे, पण येतो."

  त्यांनी कप खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"कसा येतो? हाताने दाखव."

तिने हवेत बोटाने वरखाली रेघ काढली. त्यांचे डोळे लकाकले. रागवायचं राहिलं बाजूला, हे तर खुशीत आले! त्यांनी पंखे बंद केले. तिने मान हलवली: आहे. अर्धा मिनिट पंप बंद केला. अजून आहे. मग म्हणाले, "आता तू शोध. माझे हात, तुझे कान." तिने काच काढली, कान आत नेला, इंच इंच सरकवला आणि थांबली. बोट ठेवायला तिचा हात उचलेना, कारण बोट त्या तांब्याच्या झाकणावर ठेवावं लागणार होतं.

"इथून," ती म्हणाली. "खालच्या कार्डातून."

त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला. "हे होय? हे खेळ खेळणाऱ्यांना लागतं. तुला वाचायला कशाला हवंय? मीच आपलं हौसेनं बसवलं." आणि सहा आठवड्यांचं ते काम त्यांनी पाणी काढून, नळ्या सोडवून, दहा मिनिटांत बाहेर काढलं. पडद्याची वायर सरळ मदरबोर्डला जोडली, नळ्या नव्याने कापून बसवेपर्यंत शनिवारची दुपार झाली. दुसरा कोणी असता तर दोन दिवस तोंड पाडून बसला असता.

पण नळ्या नव्याने जोडल्या की परीक्षाही नव्याने. प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद घालून नुसता पंप चोवीस तास चालवायचा. एक थेंब गळला तरी कागद सांगतो. शनिवार दुपारपासून दोघं आळीपाळीने कागद बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "पोर आजारी असतानासुद्धा तुम्ही इतके कधी उठला नव्हतात!" रविवारी दुपारी कागद कोरडे होते.

त्यांनी यंत्र सुरू केलं. दार लावलं. ती बसली, तिने डोळे मिटले.

"काय ऐकू येतं?"

काही नाही, हे खरं होतं. पण ते काही नाही इतकं मोठं होतं की तिला श्वास घ्यायची भीती वाटली. असं काही तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्या शांततेच्या तळाशी तिला काहीतरी लागलं. एकसारखं, इवलंसं. तिने डोळे उघडले, यंत्राकडे पाहिलं, आणि मग सासऱ्यांच्या मनगटाकडे.

"बाबा, तुमचं घड्याळ."

त्यांनी घाईने मनगट पाहिलं. "का? चालतंय की."

"चालतंय. आणि वाजतंय. टिकटिक ऐकू येतेय."

ते स्टुलावर बसले. गिरणीत लागले त्या वर्षीचं घड्याळ ते. रोज सकाळी चावी द्यायचे, काटा सरकतोय एवढं बघायचे.

"वाजतं अजून?" ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारं झालं, बसला असेल त्याचा आवाज."

 तिने नुसती मान हलवली, आणि मग त्यांच्या गुडघ्यावर एका बोटाने ठोका धरला. घड्याळाचाच ठोका, कमी नाही की जास्त नाही. ते त्या बोटाकडे बघत राहिले, बशीकडे बघायचे तसे.

मग उठले, घड्याळ काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यात ठेवून आले. "वाच आता," म्हणाले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

सोमवारी उत्तर आलं. आवाज स्वच्छ आहे, पुढची प्रकरणं पाठवा. डब्यातलं घड्याळ सासूबाईंच्या हाती लागलं त्यावरून जे रामायण झालं, ते समोरच्या इमारतीलाही पाठ आहे.

आता रोज सकाळी सासरे घड्याळाला चावी देतात. मग काट्याकडे बघत नाहीत. मनगट सुनेच्या कानाजवळ नेतात आणि तिच्या ओठांकडे बघतात.

"वाजतंय, बाबा," ती म्हणते.