डिग्रीनं काय होतं, असं म्हणणारा मीच तो

शनिवारी दर्यापूरला माझ्या शाळेत गेलो होतो... या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. मीच हेडसरांना फोन करून वीस मिनिटं मागून घेतली.

दोन वर्षांपूर्वी तिथेच मी स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा होतो. अमरावतीच्या राजापेठेत क्रिप्टोचं ऑफिस, स्वतःचा कॉइन, पेपरात फोटो... हवा पार डोक्यात गेलेली. माइक हातात आला आणि ठोकून दिलं, "डिग्रीनं काय होतं? मी सेकंड इयरलाच कॉलेज सोडलं!" टाळ्या काय पडल्या म्हणता.

पुढच्या आठ महिन्यांत कॉइन मातीमोल झाला. ऑफिसला कुलूप लागलं, गाडी विकली, माझ्या शब्दावर पैसे टाकणाऱ्यांना तोंड दाखवायची चोरी झाली. आता अकोल्याला एका दालमिलमध्ये कॉम्प्युटरवर बसतो, पगारातून त्यांचे थोडे थोडे परत करतो. पण ते भाषण काही मनातून जाईना.

म्हणून पोरांसमोर सगळं सांगितलं. कसा चढलो, कसा आपटलो, आणि त्या दिवशी किती मूर्खासारखा बोललो. मोकळं वाटलं...

खाली उतरलो, तर शाळेतल्या शिपाई मावशी वाट अडवून उभ्या. "बाबू, तुयं आयकूनच माह्या पोरीनं अमरावतीचं कालेज सोडलं. पोराइले सांगतलं, बरं केलं. पन तिले कोन सांगन?"

खरं सांगतो, कॉइन पडला त्या दिवशीही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तसाच त्यांच्या घरी गेलो. पोरगी हुशार, बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून मोबाइलवर ट्रेडिंग करत बसलेली. होतं नव्हतं तेही घालवलेलं. मी तासभर समजावलं... तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग तुमी कावून नाई गेले परत?"

मी का नाही गेलो परत कॉलेजात? अकोल्याच्या गाडीत बसलो तरी डोक्यात तेच.

काल सुटी टाकली. मावशी, ती आणि मी, तिघंही अमरावतीला तिच्या कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी तिचा परत प्रवेशाचा फॉर्म पुढे केला. म्हटलं, "मॅडम, मलाही एक द्या... बाहेरून बी.कॉम.चा."

नोकरी सांभाळून अभ्यास करायचा आहे, लोक हसणार आहेत. हसू द्या. त्या दिवशी मावशी आडव्या आल्या नसत्या, तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यांचे मनापासून आभार... आणि या वेळी अर्धवट सोडणार नाही.